मखमली डबीतली पेनं

चाचांनी कापडी पिशवी काउंटरवर उलटी केली, तशा डब्या घरंगळत काचेवर पसरल्या. निळ्या, मरून, एक हिरवट. बहुतेकींवर मखमल, दोघींना पारदर्शक झाकण. मोजल्या तर चौदा भरल्या. प्रत्येकीत एक सोनेरी बॉलपेन आणि शेजारी त्याचं जुळं भावंड. पाच-सहा डब्यांच्या बुडाशी माझ्याच हातची किमतीची चिठ्ठी अजून चिकटून होती.

"घ्या भाऊ, तुमचा माल तुमाले. पैसे नको. दोन बाटल्या काळी शाई द्या."

"चाचा, हे सत्काराचे आहेत. असे परत करत नसतात."

"सत्कार झाला. फोटो निघाला. आता पेनाचं काय काम?"

चाचा म्हणजे आमच्या देऊळघाटचे कातिब. पैनगंगेच्या काठचं हे गाव, बुलढाण्याहून एसटीनं थोडक्या वेळात येतं, आणि इथं मराठी नि उर्दू एकाच गल्लीत नांदतात. कातिब म्हणजे अक्षर लिहिणारा. लग्नाच्या उर्दू पत्रिकांचा मजकूर, दुकानांच्या पाट्या, शाळेची प्रमाणपत्रं, कबरीच्या दगडावर कोरायची नावं, सगळं चाचांच्या हातचं. मग पंधरा ऑगस्टला, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुणाच्या तरी वाढदिवसाला चाचांचा सत्कार व्हायचा. लिहिणाऱ्या माणसाला द्यायचं काय? पेन. आणायचं कुठून? माझ्या दुकानातून. चौदापैकी निदान दहा तरी मीच विकलेले. प्रत्येक वेळी मी विचारलेलं असणार, "कोणासाठी?" आणि "चाचांसाठी" हे उत्तर ऐकूनही हात आपोआप त्या फळीकडे गेलेला असणार.

मी शाई दिली, डब्या ठेवून घेतल्या आणि पाठीमागच्या फळीवर एकावर एक रचल्या. त्या दिवसानंतर भेट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी माझं बोलणं बदललं. धंद्याला ते फारसं बरं ठरलं नाही.

दुकान वडिलांचं. दिवाळीच्या आधी लाल कापडी बांधणीच्या रोजमेळ-खतावण्या आणि जूनमध्ये वह्या, यावर वर्ष निघायचं. मी १९८९ मध्ये गादीवर बसलो, तेव्हापासून पेनं, रंग, कार्डशीट, पुढे झेरॉक्स. बॉलपेनाबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं माझी पोरं शिकली. पण सुलेखन करणाऱ्याच्या हाती बॉलपेन म्हणजे पखवाजवाल्याला पत्र्याचा डबा बडवायला देण्यासारखं. बॉलपेनाची रेघ कुठूनही कुठेही ओढा, जाडी तेवढीच. बोरूची तशी नाही. त्याचं टोक सपाट आणि तिरकं कापलेलं असतं. एका दिशेला तो रुंद पट्टा ओढतो, दुसऱ्या दिशेला केसाएवढी रेघ. अक्षराचे सगळे नाक-डोळे या जाड-बारीकमधून येतात. एवढी गोष्ट पेनं विकणाऱ्या मला वीस-बावीस वर्षं ठाऊक नव्हती.

ती कळली चाचांच्या ओट्यावर. शाई कशी निघाली हे विचारायला गेलो होतो. ते मांडी घालून बसलेले, एक गुडघा उभा, गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. टेबल नव्हतंच. (तोवर दोन जणांनी माझ्याकडून त्यांच्यासाठी टेबलावर ठेवायचे पेनस्टँड नेले होते.) शेजारी पितळी दौत. तिच्यात शाई लपलप करत नव्हती. आत रेशमाच्या धाग्यांचा बोळा होता आणि शाई त्या बोळ्यात मुरलेली. कलम बोळ्यावर नुसती टेकवायची, म्हणजे लागेल तेवढीच शाई उचलली जाते, थेंब पडत नाही, टोकही आपटत नाही. बोळा जुना होऊन त्याचे धागे तुटून कलमेला चिकटायला लागले होते. चाचा दर दोन अक्षरांनी टोक पुसत होते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं ट्रंकेतून विरलेल्या रेशमी साडीचा काठ काढला, उसवला आणि मूठभर धागे कागदात बांधून दिले. माझ्या आयुष्यातली ही पहिली भेट, जी मी माणूस बघून दिली. फुकटात पडली. चाचांनी धागे धुतले, वाळवले, पिंजले आणि दौतीत घातले. आभार वगैरे मानले नाहीत. आठवड्यानं दुकानात येऊन म्हणाले, "भाभीले सांगा, साडी चांगली होती."

चाचा तरुणपणी मालेगावला आणि मुंबईला छापखान्यांत किताबत करत. उर्दूचं छापणं फार काळ दगडावरचं, शिळाछापाचं. कातिब खळ लावलेल्या कागदावर तेलकट शाईनं सरळ लिहायचा, तो कागद दगडावर दाबला की अक्षर उलटं उतरायचं आणि छापताना पुन्हा सुलट व्हायचं. म्हणजे वाचकाच्या हाती येई ते थेट कातिबाचं हस्ताक्षर. उर्दूच्या नस्तालिक वळणाचे शब्द उतारावरून घसरल्यासारखे तिरपे लटकतात, एकाच अक्षराची रूपं शेजाऱ्यानुसार बदलतात, त्यामुळे छापखान्याच्या खिळ्यांना ते पेललं नाही. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून केलेलं नूरी नस्तालिक यंत्रावर चढलं, लाहोरच्या 'जंग' दैनिकानं ते वापरलं, पुढे 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आलं आणि कातिबांच्या बैठका उठल्या. चाचाही गावी परतले. त्यांना राग नाही. म्हणतात, "मशीनचं अक्षर खराब नाही. कातिबाचंच आहे ना ते." हे आपल्याकडेही खरंच आहे. कॉम्प्युटरवर मराठी लिहिताना वर्षानुवर्षं समोर आला तो मंगल फाँट र. कृ. जोशींच्या हातचा, आणि जोशी आधी सुलेखनकार. पण ज्याच्या हाताचं काम गेलं त्याला सोनेरी पेन देऊन गौरवायचं, यात थोडी थट्टा होते. देणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही.

पुस्तकांतून मला फारसं मिळालं नाही. एक ठिकाण सोडून. आमच्याकडे दासबोध वडिलांच्या काळापासून आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात समर्थांनी लिहिणाऱ्यानं काय काय बाळगावं त्याची यादीच दिली आहे. देशोदेशीचे बारीक, सरळ बोरू, टाक तोडायची हत्यारं, रेघा आखायची साधनं, कातऱ्या, हिंगूळ, भिजवून वाळवून ठेवलेली शाई. शिवाय पोथ्यांसाठी पुठ्ठे, मेणकापडं, पेट्या आणि कुलपंसुद्धा. सुलेखनकाराला काय द्यावं हा प्रश्न विचारणाऱ्याला मी अजून याहून चांगली यादी दाखवू शकलेलो नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यात मखमली डबी नाही.

त्यातलं 'देशोदेशीचे बोरू' मला अलंकारिक वाटायचं. मग गावातला एक मुलगा, आखाती देशात नोकरीला असलेला, सुट्टीवर येताना चाचांसाठी सहा कलमा घेऊन आला. इराणातल्या दिझफूलच्या बोरूच्या, गडद तपकिरी, लाखेसारख्या चमकणाऱ्या. चाचांनी एक नखावर वाजवून पाहिली. आपल्या नदीकाठच्या बोरूचा आवाज भद्द येतो, हिचा खणखणीत आला. टणक बोरूचं टोक लवकर झिजत नाही, पानभर लिहिलं तरी पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच जाडीचं राहतं. समर्थांचंही मागणं तेच आहे, सगळा ग्रंथ एका टाकानं लिहिल्यासारखा दिसावा. त्या मुलाला मी विचारलं, हे तुला सुचलं कसं? तो म्हणाला, "लहानपणी चाचा मला तख्तीवर मुलतानी माती लावून लिहायला बसवायचे. कलम मोडली की मारायचे. म्हणून लक्षात होतं."

त्याच मुलानं पुढच्या वर्षी रोमन अक्षरांच्या परदेशी कट निबांचा महागडा संच आणला, तो मात्र वाया गेला. त्या निबांचं टोक सरळ कापलेलं होतं. देवनागरीला तिरका काप लागतो, नस्तालिकला लागतो तो आणखी वेगळा. बोरू आपल्या हाताच्या कलानं कापता येतो. पोलादी निब कापता येत नाही, घासावी लागते, आणि चाचांनी दोन निबा घासण्यात आठवडा घालवून बाकीच्या परत दिल्या. एका वर्षी जमलं म्हणून दुसऱ्या वर्षी जमेलच असं नाही.

शाईचं माझं पाप सांगतो. एका बाईंनी नवऱ्यासाठी चांगलं फाउंटन पेन घेतलं, त्याला निवृत्तीनंतर सुलेखनाचा छंद लागला होता. "काळी कुळकुळीत शाई द्या, पुसली न जाणारी," म्हणाल्या. मी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक दिली. ती बोरूनं, टाकानं, ब्रशनं लिहायची शाई. वाळली की तिचा पापुद्रा धरतो. फाउंटन पेनाच्या नळीत ती वाळली आणि पेन कायमचं मिटलं. बाई भांडल्या नाहीत. पेन काउंटरवर ठेवून गेल्या. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे, नव्या पोराला दाखवायला.

चाचांची स्वतःची शाई दिव्याच्या काजळीची. काजळी आणि बाभळीचा डिंक खलबत्त्यात घोटायचा, किती, तर हात दुखून दुखायचा थांबेपर्यंत. माझी बाटली ते घाईच्या कामाला वापरायचे. पत्रिका ठरल्या तारखेला द्यायची असते ना!

सोन्याची गोष्ट याहून लांब आहे.

गावातली एक मुलगी कलामहाविद्यालयात शिकायला गेली आणि तिला नक्षीचं वेड लागलं. मजकुराभोवती वेलबुट्टीची चौकट, तिच्यात निळा, लाल आणि सोनं. उर्दूत याला तज़हीब म्हणतात, शब्दाच्या पोटातच सोनं आहे. आपल्याकडे जैनांच्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत हेच दिसतं, काहींत तर अक्षरंही सोन्याची. ईदच्या आधी तिचा भाऊ दुकानात आला. "बहिणीसाठी काहीतरी तिच्या कामाचं द्या." मी पेनसेटकडे पाहिलंही नाही, याचा मला अभिमान वाटला. सोनेरी पावडरच्या चार पुड्या दिल्या. त्या मी निमंत्रणपत्रिका रंगवणाऱ्यांना विकत असे.

पहिल्या पावसाळ्यात सोनं हिरवटलं, मग काळवंडलं. ती पितळेची भुकटी. दोन महिन्यांचं काम होतं, चौकटीत कुराणातली आयत लिहून दिली होती चाचांनी. मुलगी काही बोलली नाही, चाचा बोलले. मी भरपाई म्हणून मिठाईवाल्याकडून वर्ख आणून दिला. तो चांदीचा. हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडते, हे मी शाळेत शिकलो होतो आणि दुकानात विसरलो होतो. दोन चुका झाल्यावर मी तिलाच विचारलं, की बाई, तुला लागतं काय ते सांग. खरं म्हणजे हे पहिल्याच दिवशी भावानं विचारायला हवं होतं. पण भेट द्यायची आणि विचारायचं, हे आपल्याकडे कमीपणाचं वाटतं. न विचारता ओळखलं तर प्रेम, अशी समजूत. साडीत चालून जातं ते. सोन्यात नाही चालत.

तिनं सांगितलं, सोन्याचाच वर्ख हवा, दहा पानं असली तरी पुष्कळ. हैदराबादेत चारमिनारच्या आसपास वर्ख कुटणारे आहेत. कातड्याच्या पानांमध्ये ठेवून हातोडीनं कुटतात. भाऊ तिकडे कामाला गेला होता तेव्हा घेऊन आला. मग मी पाहिलं ते असं : चिनीमातीच्या बशीत डिंकाचं पाणी, त्यात एक पान सोडायचं आणि बोटानं घोळायचं. पुन्हा एक पान, पुन्हा घोळणं. दुपार गेली. बशीत नुसता मातकट चिखल दिसत होता. मग पाणी घालून निवळू दिलं, वरचं ओतलं, पुन्हा घातलं. तळाला जो गाळ राहिला तो ब्रशनं उचलून तिनं एका पाकळीत भरला. वाळल्यावरही पिवळसर मातीच. "हे सोनं?" मी विचारलं.

"घोटायचं राहिलंय, काका."

घोटायला अकीक लागतो. गुळगुळीत दगड, त्यानं दाबून घासलं की सोनं जागं होतं. तिच्याकडे काचेची गोटी होती, ती ओरखडे पाडत होती. आमचा हा सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा, आणि त्या दगडाच्या पोकळ्यांत अकीक, गारगोट्या सापडतात. नांगरटीत वर येतात, पोरं खिशात भरून आणतात. माझ्या भाच्याच्या संग्रहात अंगठ्याएवढा, मधाच्या रंगाचा एक होता. चाचांनी तो सहाणेवर आठ दिवस घासून दिला. भाच्याला बदल्यात क्रिकेटचा चेंडू द्यावा लागला, तो मी दिला. त्या दगडानं तिनं पाकळी घोटली तेव्हा खोलीत दुपारचं ऊन होतं आणि पाकळी एकदम पेटली. मला त्या क्षणी वाटलं की चौदा पेनसेटांचे पैसे मी गावाला परत द्यायला हवेत. दिले नाहीत, अर्थात.

कागदाबद्दल थोडक्यात. लोक महागडा हातकागद भेट देतात, जाड, खरबरीत, कडेला झालर असलेला. दिसायला राजस. बोरू त्याच्यावर अडखळतो, शाई फुटते. त्याला खळ लावून घोटून घ्यावा लागतो, मग तो अक्षर धरतो. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, पण आम्हाला जवळचं कागजीपुरा, दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचं. तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली, तिच्याबरोबर कागद करणारे आले आणि इथंच राहिले, असं तिथं सांगतात. मी एकदा चाचांना घेऊन गेलो. चिंध्यांचा लगदा हौदात, त्यात जाळी बुडवून एका झोकात ताव उचलायचा. चाचांनी तिथल्या कारागिराशी घोटण्यावर तासभर वाद घातला आणि शेवटी बारा ताव घेतले. पैसे मी द्यायला लागलो तर म्हणाले, "गाडीभाडं तुमचं, कागद माझा." हीही एक गोष्ट मी शिकलो. कारागिराला त्याच्या मालाची निवड स्वतःच करायची असते. आपण त्याला मालापर्यंत नेऊन सोडावं.

शाळेच्या लोकांना मी हेच सुचवलं. ते सत्कारासाठी पुन्हा यादी घेऊन आले होते. म्हटलं, यंदा शाल-श्रीफळ ठेवा, पेनाचे पैसे जीपला घाला आणि चाचांना रोहिणखेडला न्या. मोताळा तालुक्यातलं गाव, तिथं खुदावंदखानानं १५८२ च्या सुमारास बांधलेली मशीद आहे, दगडात कोरीव अक्षरं आहेत. जिल्ह्यात राहून चाचांनी ती पाहिली नव्हती. एरवी न थांबता बोलणारा माणूस तिथं अर्धा तास गप्प उभा राहिला. बोट हवेत हलत होतं, दगडावरची वळणं गिरवत. परतताना एवढंच म्हणाले, की दगड कोरणारा वेगळा होता आणि लिहून देणारा वेगळा, आणि लिहिणारा जास्त शहाणा होता. शिक्षकांपैकी एकाला मात्र ही भेट पटली नाही. "हातात काय दिलं मग?" असं तो मला आजही विचारतो.

सगळीच उदाहरणं खर्चाची नाहीत. निवृत्त झालेले एक गुरुजी मोडी शिकत होते. छापण्याच्या सोयीसाठी बालबोध पुढे गेली आणि मोडी दप्तरांत राहिली, त्यामुळे सरावाला मोडीतला कागद मिळणं हीच अडचण. त्यांच्या मुलीनं विचारलं, बाबांना काय देऊ? मी तिला परत पाठवलं. "घरच्या जुन्या ट्रंका बघ." तिला आजोबांच्या वेळचं एक खरेदीखत सापडलं, घडीवर चिरलेलं. आम्ही त्याची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढली, ओळीओळीत जागा सोडून पुन्हा कापून चिकटवली, म्हणजे खाली सराव करता यावा. बिल झालं चाळीस रुपये. गुरुजींनी तीन महिन्यांत ते वाचलं आणि बांधावरून चाललेला एक जुना वाद त्यांच्या बाजूचा नव्हता, हे त्यांना कळलं. मुलीनं मला नंतर विचारलं, अशी भेट परत घेता येते का.

आता पाटीचं. माझ्या दुकानावर फ्लेक्स होता. उन्हानं त्याचा लाल रंग उडून गुलाबी झाला, मग नावच दिसेना. पोरगा म्हणाला, नवा करून आणतो, तासाभरात मिळतो. मी चाचांकडे गेलो.

त्यांनी हात पुढे करून दाखवला. बोटं थरथरत होती. बारीक काम त्यांनी वर्षभरापासून बंद केलं होतं, हे मला माहीत नव्हतं. शाई नेत होते म्हणून मी समजत होतो की लिहितात. शाई ते त्या मुलीसाठी नेत होते.

मला दासबोधातल्या त्याच समासातली गोष्ट आठवली. तरुणपणी फार बारीक अक्षर काढायची हौस असते, पण म्हातारपणी ते कामाचं नाही, मध्यम लिहायची सवय ठेवावी, असं समर्थ सांगतात. मी चाचांना ते माझ्या शब्दांत सांगितलं. ते हसले. "तुमच्या बुवाले मालूम होतं. पण मध्यम नाही, मोठं लिहू. मोठं अक्षर खांद्यातून येतं, बोटांतून नाही. खांदा अजून कापत नाही."

पत्रा आणला, पांढरा रंग दिला. चाचांनी चार बोटं रुंद चपटा ब्रश घेतला, त्याचे केस तिरके कापले. उभं राहून, पत्रा भिंतीला टेकवून, श्वास धरून एकेक दांडा ओढला. उर्दूत नुक्ता हे माप असतं. कलमेनं टेकवलेला एक चौकोनी ठिपका. नस्तालिकमधला अलिफ अशा तीन ठिपक्यांचा. तेवढ्यानं सगळ्या अक्षरांची उंची बांधली जाते. चाचांनी मराठी अक्षरांनाही तेच माप लावलं. 'स्टेशनरी'मधल्या 'री'ची वेलांटी थोडी खाली उतरली. त्यांनी मागे सरून पाहिलं.

"हरताळ फासू का?"

मला क्षणभर कळलं नाही. मग दोघंही हसलो. पोथी लिहिणारे चुकलेलं अक्षर पिवळ्या हरताळानं झाकत, पिवळसर कागदावर ते दिसत नसे, तो त्यांचा व्हाइटनर. तो विषारी, म्हणून कीडही लांब राही. तिथूनच आपण कोणाच्या कामावर 'हरताळ फासला' म्हणतो. एवढं मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, राहू द्या.

"राहू द्या तर राहू द्या. मजुरी पूर्ण घेईन पण."

सातशे रुपये सांगितले. मी हुज्जत घातली, सहाशेवर आलो. कितीतरी महिन्यांनी कोणी त्यांच्याशी कामाचा भाव करत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून शेवटी सातशे दिले. पाटी लावायच्या दिवशी गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली. पोरगा उत्साही, त्यानं शाल आणवली, नारळ आणला, चाचांना खुर्चीवर बसवलं. मी शिडीवर होतो, खिळा ठोकत. खाली टाळ्या वाजल्या. उतरून पाहतो तर पोरानं चाचांच्या हातात निळी मखमली डबी दिलेली.

"पाठीमागच्या फळीवर होती," तो म्हणाला. "त्यातल्या त्यात चांगली बघून दिली."

चाचांनी डबी उलटी केली. बुडाशी माझ्या हातची चिठ्ठी होती, भाव पुसट झालेला. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि डबी कापडी पिशवीत टाकली.

"शाई संपली की आणतो," म्हणाले.